पाच नंबर कॅम्पातली तगर

गोजरबाई झगडे मूळच्या सासवडकडच्या. माहेर माळ्यांचं, सासरही माळ्यांचं. १९४७ च्या दिवाळीनंतर त्यांचे यजमान हिंदुराव अंबरनाथला कारखान्यात लागले आणि बुवापाड्याच्या एका खोलीत दोघांचा संसार सुरू झाला. मूलबाळ नव्हतं. गावाहून येताना त्यांच्या सामानात भांडी कमीच होती. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या गुलाबाच्या काड्या, शेवंतीच्या फुटी आणि निशिगंधाचे कंद मात्र दोन टोपल्या भरून होते. खोलीपुढच्या हातभर जागेत त्यांनी ते सगळं लावलं. उन्हाळ्यापर्यंत झाडं अशी तरारली की शेजारणी बघायला येत.

मग पाऊस आला. सासवडला चार महिन्यांत पडतो तेवढा इथे चार दिवसांत पडला. आषाढ संपेपर्यंत गुलाबाच्या पानांवर काळे डाग आले, शेवंती मुळापासून सडली आणि निशिगंधाचे कंद दाबले की बोटांना घाणेरडा वास येई. मोरिवलीचा एक म्हातारा शेतकरी रोज तिथून जायचा. तो म्हणाला, "बाई, इथं गुलाबाचं लोणचं व्हतंय. तुमी आधी डोळे उघडून इथलं बघा, मंग लावा."

गोजरबाईंना राग आला नाही. त्या खरंच बघायला लागल्या. मोरिवलीत, वडवलीत, जिथे जुनी घरं होती तिथे त्या उगाच चक्कर मारायच्या आणि चाळीस-चाळीस वर्षं कोणत्या झाडानं तग धरलाय ते पाहून ठेवायच्या. न्हाणीच्या मोरीपाशी कर्दळ आणि सोनटक्का. पागोळ्यांच्या माऱ्यात जास्वंद. आंब्याच्या सावलीत अबोली. उंचवट्यावर अनंत आणि कण्हेर. दोन वर्षांत त्यांना या मातीची नाडी कळली. वाफा जमिनीपासून वीतभर उंच करायचा, खाली विटांचे तुकडे घालायचे, पाण्याला उतार द्यायचा, पावसात शेणखताला हातही लावायचा नाही. गुलाब हवाच असेल तर डब्यात, वळचणीखाली, आणि त्याची छाटणी दसरा झाल्यावरच. लोक त्यांना बोलवायला लागले. कारखान्याच्या साहेबांच्या बंगल्यापासून महाशिवरात्रीच्या जत्रेतल्या फुलवाल्यांपर्यंत सगळे त्यांच्याकडून रोपं नेत.

१९५१ च्या चैत्रात टेकचंद त्यांच्याकडे आले ते ही कीर्ती ऐकूनच.

टेकचंद सिंधमधल्या शिकारपूरचे. फाळणीनंतर बायकोला घेऊन ते कल्याण कॅम्पात, लढाईच्या काळात पलटणीसाठी बांधलेल्या बराकींत आले. त्याला आता उल्हासनगर म्हणू लागले होते. पाच नंबरात, अंबरनाथच्या बाजूला, एका बराकीच्या अगदी शेवटच्या दोन खोल्या त्यांना मिळाल्या होत्या. कापडाचं छोटं दुकान होतं. माणूस सरळ, थोडा घाईचा. मोडक्या हिंदीत म्हणाले, "बाई, मेरी घरवाली को फूल चाहिए. गुलाब. हर महिने दर्या को देती है. बाजार का फूल उसको नहीं चलता, अपने आँगन का चाहिए."

दर्या म्हणजे नदी. सिंधी माणसं नदीला देव मानतात, हे तोवर गोजरबाईंना ठाऊक झालं होतं. टेकचंदांची बायको ईश्वरी दर महिन्याला अमावस्येनंतरचा चंद्र दिसला की दुसऱ्या सकाळी जवळच्या वालधुनी नदीवर जाऊन तांदूळ, साखर आणि फुलं पाण्यात सोडायची.

"गुलाब टिकणार नाही, शेठ," गोजरबाई म्हणाल्या. "जास्वंद लावते, अनंत लावते. बारा महिने फुलं देईन."

"वो भी लगाओ. लेकिन गुलाब लगाओ."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या जागा बघायला गेल्या. कॅम्पात दिवसभर गलका असायचा. पापड वाळत घातलेले, पंप चालू, पोरांची रडारड, कुणी कुणाला हाका मारतंय. गोजरबाई बराकीला वळसा घालून मागे गेल्या आणि तो सगळा आवाज गोधडीखाली दाबल्यासारखा बसका झाला. समोर तारेच्या कुंपणापर्यंत उघडी जमीन होती, वीस-बावीस पावलांची. कुंपणापलीकडे वाळलेला टाकळा कंबरभर उभा होता. अलीकडे गवताची काडीसुद्धा नव्हती. चिमणी नव्हती, सरडा नव्हता. त्यांनी पायातली चप्पल काढून जमिनीला पाऊल लावलं. चैत्राच्या भर दुपारी, वर सूर्य तळपत असताना, पायाखालची माती गार होती.

ईश्वरी मागच्या दारात उभी होती. तिशीची बाई, पांढरी सलवार, डोक्यावरून ओढणी. उंबऱ्याच्या आत.

"या ना बाहेर," गोजरबाईंनी हाक मारली. "कुठं काय लावायचं ते दाखवा."

ईश्वरीनं मान हलवली. "मैं उधर नहीं आती, अदी." अदी म्हणजे बहीण. मग तिनं विचारलं, "तुमको आवाज़ आता है?"

"कसला?"

"जैसे बच्चे कंकर खेलते हैं. दोपहर को." ती हसली. ते हसू काही बरं वाटलं नाही. "सेठ बोलते हैं चूहा है."

गोजरबाईंनी कान दिला. काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी पदर खोचला आणि कुदळ हातात घेतली.

वरचा थर मुरमाचा होता, दगडासारखा. घाव घातला की ठिणगी उडायची. पण खणता खणता पाच ठिकाणी कुदळ अचानक दांड्यापर्यंत आत गेली, कुणीतरी आधीच तिथे खणून पुन्हा भरल्यासारखी. खालची माती काळी आणि भुसभुशीत निघाली. गोजरबाईंना आनंदच झाला. असली माती आयती मिळते कुठे? त्यांनी वाफे असे आखले की बारापैकी पाच गुलाब नेमके त्या पाच जागी यावेत. बाकीचे मुरमात खड्डे घेऊन, विटांचे तुकडे आणि बाहेरची माती घालून लावायचे ठरवलं. कडेनं जास्वंद, घराकडच्या कोपऱ्यांत अनंत, दारापाशी अबोली.

मृगाच्या सरी येऊन जमीन भिजली तेव्हा त्यांनी सगळं लावलं.

तिसऱ्या दिवशी जाऊन बघतात तर पाच गुलाब जमिनीबाहेर.

ते मोडलेले नव्हते, उपटलेलेही दिसत नव्हते. झाड उपटलं की त्याची बारीक मुळं तुटतात, हे माळ्याला सांगावं लागत नाही. इथे एकही तंतू तुटला नव्हता. मुळं धुतल्यासारखी पांढरी स्वच्छ होती आणि पाचही रोपं वाफ्यावर एका ओळीत, सारख्या अंतरानं आडवी ठेवलेली होती. माळी झाडं दुसरीकडे हलवायची असली की अशीच काढून ठेवतो. मुरमातले सात गुलाब जागेवर होते. जास्वंदीला धक्का नव्हता.

गोजरबाईंनी चिखल पाहिला. त्यांच्या स्वतःच्या परवाच्या पावलांचे ठसे पाण्यानं भरून तसेच राहिले होते. दुसरं पाऊल नव्हतं, माणसाचं नाही आणि शेळीचंही नाही.

त्यांनी ते गुलाब पुन्हा लावले. दोन दिवसांनी ते पुन्हा बाहेर होते. मग त्यांनी त्या पाच जागी जास्वंद लावली. चिवट, अंगठ्याएवढ्या जाड बुंध्याची, दोन वर्षांची झाडं. तीही बाहेर आली, आणि या वेळी पाचही झाडांची मुळं घराच्या दाराकडे होती.

"शेठ, तुमच्याकडे कुणाचं वाकडं आहे का?" त्यांनी टेकचंदांना विचारलं.

"मेरा किससे वाकडा होगा? सब अपना ही लोग है." टेकचंदांनी आवाज खाली आणला. "बाई, कभी कभी लगता है, ईश्वरी करती है. उसका मन ठीक नहीं रहता."

गोजरबाईंनाही तसंच वाटायला लागलं होतं. म्हणून आषाढातल्या एका उघडिपीच्या दिवशी त्यांनी ठरवलं की आज बसून बघायचं. पाच जास्वंदी पुन्हा लावल्या, माती पायानं घट्ट दाबली आणि मागच्या दाराशी बादली उलटी घालून तिच्यावर बसल्या. ईश्वरी आत स्वयंपाक करत होती. बारा वाजले, साडेबारा झाले. ढगांतून पांढरं ऊन पडलं होतं. पानावरचं पाणीही हलत नव्हतं. गोजरबाईंनी झाडांवरची नजर काढली नाही.

"अदी," पाठीमागून हाक आली, "पाणी पियोगी?"

त्या वळल्या. ईश्वरी लोटा घेऊन उंबऱ्याच्या आत उभी होती. गोजरबाईंनी लोटा घेतला, वरून धार धरून एका दमात पाणी प्यायल्या आणि लोटा तिच्या हातात परत दिला. तेवढाच वेळ. ईश्वरी पूर्ण वेळ त्यांच्या डोळ्यांसमोर होती. पण लोटा परत घेताना तिची नजर गोजरबाईंच्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि तिचा चेहरा बदलला.

गोजरबाई वळल्या. पाचही जास्वंदी ओळीत आडव्या होत्या. पांढऱ्या मुळांवरून पाणी ठिबकत होतं.

कुठे आवाज झाला नव्हता. चिखलावर रेघ नव्हती.

गोजरबाईंनी कुदळ तिथेच टाकली आणि चालू लागल्या. वालधुनीच्या पुलापर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही. घरी आल्यावर हिंदुरावांना त्या एवढंच म्हणाल्या, "तिथलं काम सोडलं."

हिंदुराव मितभाषी माणूस. त्यांनी जेवण उरकलं, हात धुतले. मग म्हणाले, "तुझी कुदळ कुठंय?"

"राहिली तिथंच."

"बापाची आहे ना ती तुझ्या?"

कुदळीसाठी म्हणून त्या पंधरा दिवसांनी परत गेल्या. त्या मला पुढे म्हणाल्या की कुदळीचं निमित्त होतं. एखाद्या जागेनं आपलं झाड नाकारलं आणि का नाकारलं ते आपल्याला कळलं नाही, ही टोचणी त्यांना झोपू देत नव्हती. गुलाब का सडतो ते त्यांनी शोधून काढलं होतं. हेही शोधायला हवं होतं.

त्या पाच जागी आता कोंब आले होते. बोटभर उंचीचे, पोपटी, समोरासमोर पानं असलेले. गोजरबाईंनी एक पान खुडलं. देठातून पांढरा चीक आला.

तगर होती. त्यांनी ती लावली नव्हती. तगर चिवट असते, तोडली तरी मुळापासून फुटते, हे त्यांना माहीत होतं. पण ही जमीन पलटणीनं दाबून, मुरूम टाकून नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षं मुरमाखाली बिनपानाचं, बिनउन्हाचं मूळ जगतं?

त्या पाचही फुटींकडे बघत उभ्या राहिल्या. कोंब ओळीत नव्हते. तीन दूर दूर आले होते. दोन अगदी जवळ जवळ, हात पसरला तर एकाच वेळी दोन्हींना लागेल असे.

"इनको मत निकालना," ईश्वरी दारातून म्हणाली. "ये आए तब से आवाज़ बंद हुआ."

गोजरबाईंनी त्यांना हात लावला नाही. पाणीही घातलं नाही. त्या दर आठ दिवसांनी येत, बाकीच्या झाडांचं बघत आणि जात. मुरमातले सात गुलाब, त्यांनी सांगितलं होतं तसे, श्रावणात काळे पडून गेले. तगर मात्र ईर्षेनं वाढत होती. भाद्रपदापर्यंत गुडघ्याएवढी झाली आणि तिला कळ्या आल्या.

बदलापूरच्या पलीकडून, बारवीकडच्या डोंगरातून ठाकर बायका कॅम्पात रानभाजी आणि लाकडाच्या मोळ्या विकायला यायच्या. त्यांतली जिवली म्हणून एक बाई त्या दिवशी बराकीमागच्या कुंपणाकडेनं चालली होती. पन्नाशीची, हाडकुळी, डोक्यावर करटुल्यांची पाटी. तिला तारेतून आतलं दिसलं आणि ती थांबली. पाटी खाली ठेवली. मग कुंपण जिथे वाकलं होतं तिथून आत आली आणि कुणाला काही न विचारता त्या जवळजवळच्या दोन तगरींपाशी मटकन बसली.

गोजरबाई अबोलीच्या वाफ्यात होत्या. त्या जवळ गेल्या. "काय गं बाई? काय झालं?"

जिवलीनं एका झाडावर डावा हात ठेवला आणि दुसऱ्यावर उजवा. "हा सुकऱ्या," ती म्हणाली. "नि ही भिकी."

गोजरबाई तिच्यासमोर खाली बसल्या.

"आथं आमचा पाडा व्हता, बाय," जिवली सांगायला लागली. तिचे हात झाडांवरच होते. "अकरा घरां. एक साली देवी आली. पंधरा दिसांत पाच पोरां गेली. माझी दोन. मोठ्या मान्साला जालतात, पोरांना पुरतात. पुरली नि वर तगर लावली. तगरीला शेळी तोंड लावीत नाय, म्हून. मंग दोन वर्सांनी पलटणीची मान्सा आली. म्हनं, पाडा उठवा, लढाय हाय. एका दिसात आमाला उठवला. मशीन आनून समदां सपाट केला."

"मग तू इथे येत होतीस ना मधून मधून?" गोजरबाईंनी विचारलं. "माझी झाडं तूच काढून ठेवलीस का? खरं सांग, मी रागावणार नाही."

जिवलीनं त्यांच्याकडे नवलानं पाहिलं. "मी? मी आज येते आथं, नऊ वर्सांनी. बाजारापरत यायची, पन हिकडं वळत नव्हती. काय बघाया येवू? सपाट जमीन?"

ती खोटं बोलत नव्हती, असं गोजरबाई सांगत. माणसाचे दोन्ही हात लेकरांच्या अंगावर असताना माणूस खोटं बोलत नाही.

जिवली उठली आणि उरलेल्या झाडांपाशी गेली. हा गोमाचा पोर, ही चंद्रीची पोर, हा पदूचा धाकटा. नावं घेत ती तारेच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथे थांबली.

"ह्यो कोनाचा?"

गोजरबाई पुढे झाल्या. कोपऱ्यात, टाकळ्याच्या आडोशाला आणखी एक तगर होती. वीतभर उंचीची, बाकीच्यांपेक्षा लहान. गोजरबाईंनी ती कधी पाहिली नव्हती, आणि आठ दिवसांपूर्वीच त्यांनी या कोपऱ्यातलं तण काढलं होतं.

"तुम्ही सहा पुरली असतील," त्या म्हणाल्या.

"पाच," जिवली म्हणाली. "बाय, पोरां मोजाया चूक व्हत नाय. ह्यो आमचा नाय."

त्याच वेळी टेकचंद दुपारच्या जेवणाला दुकानातून आले. मागच्या दारातून बाहेर पडून ते, "कौन है ये औरत?" असं विचारत होते. गोजरबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. पाडा, देवी, पाच पोरं, त्यांच्यावर लावलेली तगर. टेकचंद ऐकत होते. मग गोजरबाई म्हणाल्या, "आणि शेठ, सहावी तगर त्या कोपऱ्यात आलीय. ही म्हणते, ती यांची नाही."

टेकचंदांनी कोपऱ्याकडे पाहिलं. त्यांनी भिंतीला हात टेकला.

ईश्वरीला ऐकू जाऊ नये म्हणून ते गोजरबाईंना बराकीच्या बाजूला घेऊन गेले. तिथे त्यांनी सांगितलं. १९४८ च्या फेब्रुवारीत, ते कॅम्पात आले त्याला महिना झाला असताना, ईश्वरीला मुलगा झाला. बराकीत तेव्हा गोणपाटाचे पडदे लावून चाळीस माणसं राहत होती. पोर नऊ दिवस जगलं. तिकडे आमच्यात असं लेकरू दर्याला देतात, टेकचंद म्हणाले. मोठी नदी आहे, घेऊन जाते. ईश्वरी तापात पडलेली. ते पोराला कापडात गुंडाळून एकटे वालधुनीवर गेले. फेब्रुवारीतली वालधुनी. घोट्याएवढं पाणी होतं आणि काठावर कुत्री बसलेली.

"मैं वहाँ कैसे छोड़ता, बाई?" ते म्हणाले. "बहुत देर खड़ा रहा. फिर वापस आया. यहाँ कोने में जमीन नरम थी. हाथ से खोदा. ईश्वरी ने पूछा, दर्या को दिया? मैंने बोला, हाँ."

म्हणजे साडेतीन वर्षं ती बाई दर महिन्याला त्या ओढ्यासारख्या नदीत फुलं सोडत होती, आणि तिचं मूल तिच्या दारापासून वीस पावलांवर होतं.

"सांगा तिला," गोजरबाई म्हणाल्या.

"नहीं सहेगी वो."

"शेठ, झाडानं सांगितलंय. आता तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगते."

टेकचंद आत गेले. गोजरबाई आणि जिवली बाहेर उभ्या राहिल्या. आतून बराच वेळ त्यांचा आवाज येत होता, सिंधीतला, खालचा, एकसुरी. ईश्वरीचा आवाज आलाच नाही. मग ती दारात आली. उंबऱ्यावर थांबली. त्या घरात आल्यापासून तिनं पहिल्यांदा तो उंबरा ओलांडला आणि अनवाणी, कुणाकडे न बघता, सरळ कोपऱ्याकडे गेली. कोणता कोपरा ते तिला कुणी दाखवलं नव्हतं.

ती रडली नाही. त्या वीतभर झाडासमोर बसली आणि ओढणीच्या टोकानं त्याची पानं एकेक करून पुसायला लागली. लेकराचं तोंड पुसतात तशी. जिवली तिच्याजवळ जाऊन बसली. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. जिवली बोटानं दाखवून म्हणाली, "माझी दोन. तां बघ. तुझा एक." ईश्वरीनं मान डोलावली.

आणि तेव्हा, गोजरबाईंनी मला शपथेवर सांगितलं, त्यांनी तो आवाज ऐकला. बराकीच्या भिंतीमागून, जिथे कुणीही नव्हतं तिथून. खड्यावर खडा पडल्याचा. पाच-सहा वेळा, आणि मग बारीक हसू. जिवलीनं मान वर केली, म्हणजे तिलाही ऐकू आलं असणार. ईश्वरी मात्र पानं पुसतच राहिली.

पुढे काही एकदम गोड झालं नाही. ईश्वरी महिनाभर नवऱ्याशी बोलली नाही. त्याचं ताट वाढून ठेवायची आणि मागे निघून जायची. नदीवर जाणं तिनं सोडलं. टेकचंदांनी १९५५ साली दोन नंबरात मोठी जागा घेतली, पण ती तिकडे गेली नाही. त्यांनी गोजरबाईंना गाठून विचारलं, ते कोपऱ्यातलं झाड मुळासकट काढून नव्या घरी लावता येईल का? लावता येईल, गोजरबाई म्हणाल्या, पण मी लावणार नाही. झाड हलवून खालचं हलत नाही. शेवटी टेकचंदांनीच नवी जागा भाड्यानं दिली आणि ते परत बराकीत राहायला आले.

जिवली आठवड्याला यायची. येताना कधी करटुली, कधी जांभळं. ईश्वरी तिला पापड आणि साखरभात द्यायची. दोघी मागच्या पायरीवर तासभर बसत आणि आपापल्या भाषेत बोलत. कुणी कुणाचं किती समजून घेत होतं देव जाणे, पण १९५६ साली जिवलीची सून डोंगरात बाळंतपणाला अडली तेव्हा बैलगाडी करून कॅम्पातला डॉक्टर तिथपर्यंत नेणारी बाई ईश्वरीच होती.

त्या बागेत पुढे अनंत फुलला, जास्वंद फुलली, दारची अबोली कॅम्पभर वाटली गेली. तगरींभोवतालचा हातभर घेर गोजरबाईंनी मोकळा ठेवला. झाडं कोण काढून ठेवत होतं, याचा उलगडा कधीच झाला नाही. टेकचंद म्हणत, उन्हानं बाईंना भोवळ आली असेल. जिवलीला त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. अंथरुणात कुणी दुसरं घुसलं तर पोरं ढकलून देणारच, ती म्हणाली.

मला हे सगळं गोजरबाईंनी सांगितलं ते १९५९ साली. माझे वडील बदलापूरला मास्तर होते. त्यांनी सोनिवलीच्या अलीकडे दोन खोल्या बांधल्या आणि आवारात काय लावावं हे सांगायला आईनं गोजरबाईंना बोलावलं होतं. तोवर त्यांची एक पद्धत पडली होती. भर दुपारी यायचं, चप्पल काढायची आणि सगळ्या आवारात अनवाणी सावकाश फिरायचं. कुठे थांबून खाली बघत हळूच म्हणायच्या, "इथं जास्वंद लावू का?" आणि उत्तराची वाट पाहिल्यासारख्या उभ्या राहायच्या. आम्हां मुलांना हसू यायचं. आईनं दटावलं.

त्यांनी विहिरीच्या कडेला सोनटक्का सांगितला, पश्चिमेला पागोळ्यांखाली जास्वंद, पुढे उंचवट्यावर अनंत. मग त्या मागच्या उंबराच्या बाजूला गेल्या आणि एका जागी थांबल्या. विचारलं काहीच नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. दोन पावलं मागे आल्या, चपला घातल्या.

"मास्तरीणबाई," त्या आईला म्हणाल्या, "एवढी चटईभर जागा रिकामी सोडा. काही लावू नका, वाळत घालू नका. पोरांना खेळायचं असेल तर खेळू द्या."

"का हो? काय आहे तिथं?" आईनं विचारलं.

गोजरबाईंनी सुपारी तोंडात टाकली. "मला काय ठाऊक," त्या म्हणाल्या. "पण मी विचारायच्या आधीच नाही म्हणालं."

आम्ही त्या घरात एकोणीस वर्षं राहिलो. सगळ्या आवारात झाडं दाटली, पण त्या चटईभर जागेत कुणी खुरपंसुद्धा घातलं नाही. पावसाळ्यात आवारभर गवत माजायचं, तिथे यायचं नाही. आम्ही भावंडं तिथे पुष्कळदा सागरगोटे खेळलो. खेळताना जमीन पायाला गार लागायची आणि कधी कधी एखादा गोटा मोजताना जास्त भरायचा.